संडास बांधला, मैल्याचे काय?

ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा २ ऑक्टोबर २०१९ रोजी झाली. स्वच्छ भारत मोहिमेच्या पाच वर्षांत दहा कोटींहून अधिक शौचालये उभी राहिली. भिंती, दार, पत्रा, दारावर अनुदानाचा शिक्का, हे सगळे दिसते. भांड्याखाली काय आहे ते दिसत नाही, आणि बहुतेक गैरसमज तिथेच आहेत.

गैरसमज : गाव हागणदारीमुक्त जाहीर झाले, म्हणजे प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ३९ टक्के कुटुंबे २०१५-१६ मध्ये कोणतेही शौचालय वापरत नव्हती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण १९ टक्क्यांवर आले. घट मोठीच आहे, पण १९ म्हणजे शून्य नव्हे. शिवाय घरात संडास असला म्हणजे घरातले सगळे तो वापरतात असेही नाही. २०१४ मध्ये उत्तर भारतातील पाच राज्यांच्या खेड्यांत झालेल्या एका पाहणीत, चालू शौचालय असलेल्या ४० टक्क्यांहून अधिक घरांतला किमान एक जण तरी बाहेरच जात होता.

गैरसमज : पैसा नाही, पाणी नाही, म्हणून लोक बाहेर जातात.
वस्तुस्थिती : बांगलादेशात १९९० मध्ये सुमारे एक तृतीयांश लोक उघड्यावर जात; २०१५ पर्यंत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. या काळात त्यांचे दरडोई उत्पन्न बहुतेक वर्षे आपल्याहून कमीच होते. तिथे लोकांनी साधे, स्वस्त खड्ड्यांचे संडास स्वीकारले. पाण्याचे म्हणाल, तर ग्रामीण पद्धतीच्या भांड्याला उतार तीव्र असतो. दीड-दोन लिटर पाण्यात ते साफ होते. टंचाईच्या गावात तेवढे पाणीही डोक्यावरून आणावे लागते आणि बहुधा बाईलाच आणावे लागते, हे खरे. पण टमरेल घेऊन जाणाराही पाणी नेतोच.

गैरसमज : सरकारी योजनेतले खड्डे लहान असतात, सहा महिन्यांत भरतात.
वस्तुस्थिती : दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात खड्ड्याचे वीटकाम जाळीदार असते आणि तळ मातीचाच ठेवतात. पाणी आणि वायू मातीत मुरतात, घन भाग कुजून आटतो. म्हणून मीटरभर व्यासाचा आणि जवळपास तेवढ्याच खोलीचा एक खड्डा पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला तीनेक वर्षे पुरतो. तो भरला की चेंबरमधली वाट बंद करून मैला दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचा. घोटाळा बांधकामात होतो. कुठे गवंडी खड्ड्याला आतून गिलावा करतो, कुठे तळाला काँक्रीट ओततो, कुठे दोन्ही खड्डे एकदमच चालू करतो. मग पाणी मुरत नाही, आणि खड्डा खरोखरच लवकर भरतो. काळ्या चिकण मातीत पाणी सावकाश मुरते, तिथे खड्डे मोठे घ्यावे लागतात. विहिरीपासून अंतर राखणे सगळीकडेच आवश्यक.

गैरसमज : खड्डा उपसायचा म्हणजे मैल्यात हात घालणे आले.
वस्तुस्थिती : बंद केलेला खड्डा किमान वर्षभर, शक्यतो दीड-दोन वर्षे तसाच ठेवला की रोगजंतू मरतात आणि आत उरते ते काळसर, भुसभुशीत, वास नसलेले सोनखत. शेतकऱ्याने ते फावड्याने काढावे आणि शेतात टाकावे. तरीही कुणी धजत नाही, कारण अडचण घाणीची कमी आणि जातीची जास्त आहे. ‘हे आपले काम नव्हे’ या समजुतीपोटीच अनेक घरे ऐपतीबाहेरचा प्रचंड खड्डा खणतात किंवा संडास बांधूनही जपून वापरतात. गांधीवादी कार्यकर्ते आप्पासाहेब पटवर्धनांनी हीच गाठ ओळखली होती. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून त्यांनी उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरीत संडास आणि सोनखताचे प्रयोग केले.

गैरसमज : सेप्टिक टाकी सर्वांत उत्तम, मोठी बांधली की पिढीभर बघायला नको.
वस्तुस्थिती : टाकीत मैला तळाशी बसतो, शुद्ध होत नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्यात जंतू असतातच. ते शोषखड्ड्यात न सोडता गटारात सोडले, तर आपला मैला दुसऱ्याच्या दारात गेला. गाळ दर दोन-तीन वर्षांनी टँकरने काढायला हवा आणि तो टँकर ओढ्यात नव्हे, प्रक्रिया केंद्रात रिकामा व्हायला हवा. साताऱ्यातील वाई नगरपालिकेने टाकी तुंबण्याची वाट न पाहता पाळीपाळीने सगळ्या टाक्या उपसण्याची पद्धत बसवली आहे. संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे हाताने मैलासफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, कारण आतला विषारी वायू क्षणात जीव घेतो. गटारसफाईतील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवून दिली.

गैरसमज : तान्ह्या बाळाची शी निरुपद्रवी असते.
वस्तुस्थिती : जुलाबाचे जंतू त्यातही असतात. ती उकिरड्यावर किंवा मोरीत नव्हे, संडासातच टाकावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

नवा संडास बांधताना टाइल्सचा रंग ठरवण्याआधी गवंड्याला तीन प्रश्न विचारा. मैला कुठे जाईल? त्यातले पाणी कुठे मुरेल? आणि भरल्यावर तो कोण, कशाने उपसेल? तिसऱ्या प्रश्नाला ‘बघू, मिळेल कुणीतरी’ असे उत्तर आले, तर तो ‘कुणीतरी’ कोणत्या वस्तीतून येणार हे गावाला ठाऊक असते. तेव्हा काम थांबवा आणि नकाशा बदला.