नितळ पाण्याचा तोल

पोहण्याच्या तलावातील पाणी नितळ दिसले, तळाची फरशी स्वच्छ दिसली, की ते पाणी निर्दोष आहे अशी पाहणाऱ्याची समजूत होते. ही समजूत अनेकदा फसवी ठरते. पाणी आरशासारखे स्वच्छ असूनही त्यातील क्लोरीन दुबळे झालेले असू शकते, किंवा तेच पाणी तलावाचा गिलावा आणि नळाचे तांबे हळूहळू विरघळवीत असू शकते. हे दोष डोळ्यांना दिसत नाहीत, ते मोजावे लागतात. आणि त्यांपैकी एका महत्त्वाच्या दोषावरचा उपाय स्वयंपाकघरातील फडताळात सापडतो. तो म्हणजे खाण्याचा सोडा.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया, ॲरिझोना, फ्लॉरिडा या राज्यांत घराच्या परसात पोहण्याचा तलाव बांधण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात मध्यमवर्गापर्यंत पोहोचली. सार्वजनिक तलावावर प्रशिक्षित कर्मचारी असतो. घरच्या तलावाची राखण मात्र कुटुंबालाच करावी लागते. त्यामुळे पाण्याच्या रसायनशास्त्राचे काही धडे तेथील गृहस्थाला गिरवावेच लागतात.

यांतील पहिला धडा सामूचा, म्हणजेच पीएचचा. पाण्याची आम्लता किंवा अल्कता दर्शविणारे हे माप डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत रूढ केले. ७ हा अंक उदासीन पाण्याचा. त्याखाली आम्लता वाढत जाते, त्यावर अल्कता. या मापातील एकेक अंक दसपटीचा असतो, म्हणजे सामू ७ वरून ६ वर आला तर आम्लता दहा पटींनी वाढली, असे समजावे. तलावाच्या पाण्याचा सामू ७·२ ते ७·८ या मर्यादेत असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

ही मर्यादा का पाळावी लागते, ते क्लोरीनच्या वर्तनावरून कळते. क्लोरीन पाण्यात मिसळले की त्याचे हायपोक्लोरस आम्ल बनते. रोगजंतूंचा नाश प्रामुख्याने हेच आम्ल करते. परंतु सामू वाढू लागला की या आम्लाचे रूपांतर हायपोक्लोराइट आयनांत होते आणि त्यांची जंतुनाशक शक्ती फारच कमी असते. सामू ७·५ च्या आसपास असताना दोन्ही रूपे जवळजवळ निम्मी-निम्मी असतात. सामू ८ झाला की प्रभावी रूप सुमारे चौथा हिस्साच उरते. म्हणजे क्लोरीनची मात्रा तेवढीच राहूनही पाण्याचे संरक्षण निम्म्यावर येते. उलट सामू फार खाली गेला, तर डोळे चुरचुरतात, गिलावा खडबडीत होतो आणि पाणी तापविणाऱ्या यंत्रातील तांबे विरघळू लागते. पोहणाऱ्यांच्या पिंगट केसांवर कधी कधी हिरवट छटा चढते. तिचा दोष लोक क्लोरीनला देतात, परंतु ती बहुधा या विरघळलेल्या तांब्याची असते.

मग सामू मोजावा आणि योग्य अंकावर आणून ठेवावा, एवढ्याने काम भागेल काय? भागत नाही, कारण सामू स्थिर राहत नाही. पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. क्लोरीनच्या काही वड्याही आम्लधर्मी असतात. तलावावर दहा पाहुणे पोहून गेले, तरी पाण्याची घडण थोडीफार बदलते. अशा वेळी सामू ढळतो की टिकून राहतो, हे पाण्याच्या दुसऱ्या एका गुणावर अवलंबून असते. त्या गुणाला ‘एकूण अल्कता’ म्हणतात.

नावात अल्कता असली तरी हा गुण आणि उच्च सामू या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सामू पाण्याची आजची अवस्था सांगतो, तर एकूण अल्कता पाण्याची सोशिकता सांगते. आम्लाचा आघात पचविण्याची जेवढी शक्ती पाण्यात असेल, तेवढी त्याची अल्कता. ही शक्ती मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमुळे येते, आणि खाण्याचा सोडा म्हणजे शुद्ध सोडियम बायकार्बोनेटच होय.

सोड्यावर लिंबू पिळले की तो फसफसतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. लिंबातील आम्ल बायकार्बोनेटशी संयोग पावते आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो. आम्लाचा आंबटपणा तेथेच संपतो. तलावात हीच क्रिया शांतपणे, फेसावाचून घडत असते. एक लिटर शुद्ध पाण्यात साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळले, तर त्याचा सामू ७ वरून ४ च्या जवळ येतो, म्हणजे आम्लता जवळजवळ हजारपट होते. पुरेसे बायकार्बोनेट असलेल्या, ७·५ सामूच्या तलावाच्या पाण्यात तेवढेच आम्ल घातले, तर सामू साधारण पाव अंकानेच उतरतो. अशा आघात सोसणाऱ्या द्रावणाला रसायनशास्त्रात ‘बफर’ म्हणतात. मनुष्याच्या रक्ताचा सामू ७·३५ ते ७·४५ या अरुंद पट्ट्यात टिकून राहतो, त्यातही बायकार्बोनेटचा मोठा वाटा असतो.

सर्व ठिकाणच्या पाण्यात ही शक्ती सारखी नसते. कॅलिफोर्निया राज्यातीलच दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. सॅन फ्रान्सिस्को आणि त्याच्या दक्षिणेकडील उपनगरांना १९३४ पासून हेच हेची या डोंगरी जलाशयाचे पाणी मिळते. सिएरा नेवाडा पर्वताच्या कठीण ग्रॅनाइटवरून वितळून आलेले हे बर्फाचे पाणी अत्यंत मृदू असते आणि त्यात क्षार फार थोडे असतात. याउलट दक्षिण कॅलिफोर्नियाला १९४१ पासून कालव्याने येणारे कोलोरॅडो नदीचे पाणी शेकडो मैलांच्या खडकांतून क्षार घेऊन आलेले, कठीण पाणी आहे. पहिल्या प्रकारच्या पाण्याने भरलेल्या तलावाला सोड्याची गरज वारंवार भासते. दुसऱ्या प्रकारच्या तलावात सोडा टाकणे बहुधा अनावश्यक, क्वचित अपायकारकही ठरते. शेजाऱ्याच्या तलावाला जे मानवले ते आपल्या तलावालाही मानवेल, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

अल्कता मोजण्याची रीत सोपी आहे. पाण्याच्या नमुन्यात रंगदर्शक घातला की तो हिरवा होतो. मग आम्लाचा एकेक थेंब टाकीत, हिरवा रंग लाल होईपर्यंत थेंब मोजावयाचे. थेंबांच्या संख्येवरून दर लिटरमागे किती मिलिग्रॅम अल्कता आहे ते कळते. हे माप कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात सांगण्याचा प्रघात आहे. सामान्यतः ८० ते १२० मिलिग्रॅम ही मर्यादा योग्य समजतात.

मोजमाप झाले की पुढचा हिशेब अंकगणिताचा आहे. एक हजार लिटर पाण्याची अल्कता लिटरमागे एक मिलिग्रॅमने वाढविण्यास सुमारे १·७ ग्रॅम सोडा लागतो. समजा, तलाव १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १·२ मीटर खोल आहे. त्यात ६०,००० लिटर पाणी मावते. त्याची अल्कता ५० आढळली आणि ती ८० पर्यंत न्यावयाची असेल, तर ६० गुणिले ३० गुणिले १·७, म्हणजे सुमारे तीन किलोग्रॅम सोडा लागेल. तो सगळा एकदम न ओतता, निम्मा किंवा दोन तृतीयांश भाग पाणी फिरविणारा पंप चालू ठेवून खोल बाजूला पसरून टाकावा. काही तासांनी पुन्हा मोजावे आणि उरलेल्याविषयी मग ठरवावे. आधी अल्कता आणि नंतर सामू, हा क्रम पाळल्यास श्रम वाचतात.

येथे एका घोटाळ्यापासून सावध राहिले पाहिजे. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर ही तीन निरनिराळी द्रव्ये आहेत. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो सामू झपाट्याने चढवितो. बेकिंग पावडरीत सोड्याबरोबर आम्ल आणि पिठूळ पदार्थ असतात, म्हणून तलावात तिचे काही काम नाही. खाण्याच्या सोड्याने मात्र अल्कता बरीच वाढते आणि सामू थोडाच चढतो. हाच त्याचा विशेष.

सोड्याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. तो जंतू मारीत नाही आणि शेवाळ नष्ट करीत नाही, त्यामुळे क्लोरीनची जागा तो घेऊ शकत नाही. अल्कता प्रमाणाबाहेर वाढली, तर पाण्यातून कार्बन डाय-ऑक्साइड निसटत राहतो, सामू वर सरकत जातो आणि क्लोरीन पुन्हा दुबळे होते. भिंतींवर चुन्याची पुटेही चढू लागतात. पाणी चुना विरघळवील की साठवील, याचा अंदाज सामू, अल्कता, कॅल्शियम आणि तापमान यांवरून बांधण्याची पद्धत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील लँजेलियर यांनी १९३६ साली मांडली. मूळ हेतू शहराच्या नळांचे रक्षण हा असला, तरी पुढे तलावांनाही ती लागू करण्यात आली.

वाढलेली अल्कता उतरविण्यास आम्ल वापरावे लागते, आणि ते सोड्यासारखे निरुपद्रवी नसते. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. आम्ल आणि क्लोरीनची भुकटी यांचा परस्परांशी संपर्क येऊ दिल्यास विषारी क्लोरीन वायू उसळतो. म्हणून ती दोन्ही एकमेकांपासून दूर आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवणे आवश्यक आहे.

सोडा स्वस्त आहे आणि तो हाताळण्यास सोपा आहे. यामुळेच तो अंदाजाने टाकण्याचा मोह होतो. परंतु त्याचा गुण त्याच्या मात्रेत आहे. ती मात्रा ठरविण्यासाठी लागतात रंगदर्शकाचे काही थेंब आणि आठवड्याच्या नोंदी ठेवलेली एक वही. एवढे असले, म्हणजे पाण्याच्या नितळपणावर भरवसा ठेवता येतो.