खुर्चीचं वय कसं ठरवाल?

समजा, तुमच्यासमोर आयर्लंडमधली डायनिंग टेबलाची एक जुनी खुर्ची आहे. गडद लालसर महोगनी, पायांना कोरलेले पंजे, पुढच्या पट्टीवर शिंपला. प्रश्न एकच: ही १७५० च्या आसपासची की १९०० च्या?

दोन्ही शक्य आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला आयर्लंडमध्ये असं ठसठशीत कोरीव काम व्हायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शैली पुन्हा आवडू लागली आणि डब्लिनच्या जेम्स हिक्ससारख्या कारागिरांनी जुन्या वळणाचं उत्तम फर्निचर बनवलं. यात फसवणूक नव्हती. पण खुर्चीवर कारागिराचा शिक्का नसेल, तर आज नुसत्या नजरेला फरक कळणं अवघड. आणि चूक झाली, तर किंमत चुकतेच, इतिहासही चुकतो.

आपण विज्ञानवाले लगेच म्हणतो, कार्बन डेटिंग करूया! पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही हेच म्हटलं असतं. पण इथे ते फारसं उपयोगी नाही. साधारण १६५० ते १९५० या काळात कॅलिब्रेशनचा आलेख इतका वरखाली होतो की एकाच मोजमापाला अनेक तारखा जुळतात. शिवाय ते लाकूड कधी वाढलं हे सांगतं, खुर्ची कधी बनली हे नाही. लाकूड १९५५ नंतरचं असेल तर अणुचाचण्यांमुळे वाढलेला कार्बन-१४ ते उघड करतो; पण आपला प्रश्न तो नाहीच. सूक्ष्मदर्शकाखाली लाकूड महोगनीच आहे हे कळेल, पण महोगनी दोन्ही काळांत वापरली जायची.

आता खुर्ची उलटी करा. सीटच्या चौकटीच्या आतल्या बाजूला करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळलेल्या असतील, तर लाकूड गोल करवतीने कापलंय. म्हणजे १७५० जवळजवळ बाद. स्क्रू काढून बघा. टोकदार असेल, तर तो यंत्रावर बनलेला, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. त्याआधीच्या स्क्रूचं टोक बोथट असायचं, म्हणून आधी गिरमिटाने भोक पाडावं लागे.

पण थांबा! तो स्क्रू नंतरच्या दुरुस्तीतही बसवलेला असू शकतो. म्हणून एकावर विसंबू नका. संचातल्या सगळ्या खुर्च्या तपासा, शेजारी जुनं भोक बुजवलंय का बघा. उलट, सरळ करवतीच्या खुणा दिसल्या म्हणून खुर्ची जुनी ठरत नाही. १९०० चा कारागीरही हाताने लाकूड कापू शकत होता. म्हणजे हा पुरावा ‘याच्या आधीची नाही’ एवढंच सांगतो, ‘नक्की तेव्हाची’ असं नाही.

तुमच्या रिसर्च प्रपोजलमध्येही हेच करा. कुठलं उपकरण वापरणार हे लिहिण्याआधी दोन ओळी लिहा: माझ्यासमोर कोणते पर्याय आहेत, आणि कुठलं निरीक्षण त्यातला एक बाद करेल? दुसरी ओळ सुचत नसेल, तर उपकरणाचं बुकिंग सध्या राहू द्या.