लिव्हरमधले दरवाजे

पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ‘आज किती दरवाजे उघडले?’ हा भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत रोजचा प्रश्न. बंद ठेवले तर वरच्या गावांना धोका, एकदम उघडले तर खालच्या. २०२० च्या ऑगस्टअखेरीस काय झालं, ते वैनगंगेकाठच्या कुणालाही विचारा. आपल्या लिव्हरमध्येही असाच कारभार चालतो. तिथे पाण्याऐवजी टी पेशी असतात, एवढंच.

टी पेशी म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींमधली एक फौज. त्यातल्या मारक पेशी कॅन्सरची पेशी ओळखून तिला संपवू शकतात. मग लिव्हरचा कॅन्सर वाढतोच कसा? गंमत लिव्हरच्या जागेत आहे. त्याला मिळणारं जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येतं, सोबत अन्नाचे आणि जंतूंचे कण घेऊन. प्रत्येक कणावर फौज तुटून पडली तर लिव्हरच सुजून निकामी होईल. म्हणून इथले दरवाजे बहुतेक वेळ बंद. मारक पेशींना आवरायला नियामक टी पेशी असतात. (याच पेशींवरच्या शोधासाठी २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.) कॅन्सर नेमका या सवयीचा फायदा घेतो. गाठीत नियामक पेशी जमतात, आणि मारक पेशीवरचं पीडी-१ नावाचं ‘बंद’चं बटण सतत दाबलेलं राहतं. पेशी जिवंत असते, पण थकलेली. शत्रू समोर असून हात उचलत नाही.

हे बटण दाबू न देणारं अ‍ॅटेझोलिझुमॅब हे औषध बेव्हासिझुमॅबच्या जोडीने वापरलं, त्या चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले. वर्षभरानंतर सुमारे ६७ टक्के रुग्ण जिवंत होते; जुन्या सोराफेनिब गोळीवर ५५ टक्के. फरक मोठा आहे, पण गाठ ठळकपणे आकसली ती चारांपैकी साधारण एकाचीच. शिवाय दरवाजे जास्त उघडले की फौज स्वतःच्याच लिव्हरवर, आतड्यांवर उलटू शकते. ‘इम्युनोथेरपी घ्या, बरे व्हाल’ असं सांगणाऱ्या नातेवाइकांना हे आधी सांगायला हवं.

‘पण आयआयटी मुंबईने तर टी पेशींचीच थेरपी काढली ना?’ काढली. टाटा मेमोरियलसोबत तयार झालेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. मात्र ती काही रक्ताच्या कॅन्सरसाठी. तिच्या पेशी ज्या खुणेवरून शत्रू ओळखतात, ती खूण लिव्हरच्या कॅन्सर पेशींवर नसतेच. आणि घट्ट गाठीत शिरून तिथे न थकता लढणं ही वेगळीच लढाई. बायोटेक करणाऱ्यांनो, इथे काम भरपूर शिल्लक आहे.

बाकीच्यांसाठी एक सोपं काम. हेपॅटायटिस बी चा विषाणू लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून टी पेशींना असाच थकवतो, आणि तो या कॅन्सरचं एक मोठं कारण आहे. त्यावर लस आहे. पण सरकारी लसीकरणात ती देशभर पोहोचली २०११ च्या सुमारास. आज कॉलेजात असलेले बहुतेक जण त्याआधी जन्मलेले. आईकडे लसीचं कार्ड मागून बघा. नोंद नसेल तर डॉक्टरांना विचारा. डोस तीनच असतात: पहिला, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्यात.