जुना लॅपटॉप भंगारात काढताय? आधी लिनक्स वापरून पाहा

विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. टीपीएम २.० नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशांसाठी लिनक्स मिंट हा मोफत पर्याय आहे. ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवरून ते इन्स्टॉल न करताच सुरू करता येते. वायफाय, प्रिंटर, मराठी टायपिंग तेव्हाच तपासा. टॅलीवर रोजचे काम असेल तर मात्र घाई नको. ते विंडोजसाठी बनले आहे.

नवखे खरे फसतात ते ‘इरेज डिस्क’ या पर्यायावर. त्याने फक्त सी ड्राइव्ह नाही, त्याच डिस्कवरच्या डी ड्राइव्हमधले लग्नाचे फोटोही पुसले जातात. म्हणून बॅकअप वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या, आणि दोन-चार फाइल उघडून बघा.