छायाचित्राचे वाचन आणि साधारणीकरणाचा प्रश्न

छायाचित्राचे विश्लेषण शिकू लागलेल्या विद्यार्थ्यापुढे एखादे प्रसिद्ध चित्र ठेविले आणि त्यावर चार ओळी लिहावयास सांगितल्या, तर त्याची पहिली वाक्ये बहुधा वाङ्मयाच्या अभ्यासातून उसनी आलेली असतात. डोरोथिया लँग यांनी १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे घेतलेले आणि पुढे ‘स्थलांतरित माता’ या नावाने जगभर ओळखले गेलेले छायाचित्र उदाहरणादाखल घ्यावे. विद्यार्थी लिहितो : ही मातृत्वाची करुण मूर्ती आहे, या चेहऱ्यावर साऱ्या दरिद्री मानवतेचे दुःख उमटले आहे. ही वाक्ये चुकीची आहेत असे नाही. परंतु चित्र न पाहताही ती लिहिता आली असती. आणि लिहिणाऱ्याच्या ध्यानातही न येता त्यांत एक निर्णय होऊन गेलेला आहे. समोरची बाई ही कोणी एक बाई न राहता ‘माता’ झाली आहे, हे त्याने तपासल्यावाचून मान्य केले आहे. छायाचित्राच्या नीतीचा प्रश्न या पहिल्या वाक्यातच उभा राहतो. चौकट, प्रकाश, रचना यांचा अभ्यास आधी आटोपावा आणि नंतर ‘संमती’ या मथळ्याखाली नीतीचे स्वतंत्र प्रकरण काढावे, ही पद्धत सोयीची असली तरी मूळ प्रश्नाला बगल देणारी आहे.

म्हणून जाणता अध्यापक प्रथम विशेषणे काढून टाकावयास लावतो. जे दिसते तेवढेच लिहावयाचे. एक स्त्री बसलेली आहे. तिचा उजवा हात गालाशी आहे. बाही फाटकी आहे. तिची नजर कॅमेऱ्याकडे नाही. दोन मुले तिच्या दोन्ही खांद्यांना बिलगली आहेत आणि दोघांचीही तोंडे पाठमोरी आहेत. मांडीवर तान्हे मूल आहे. मागे तंबूचे कापड आहे, त्यापलीकडे काही नाही. एवढे लिहून झाल्यावर कारणे विचारता येतात. मुलांची तोंडे वळलेली असल्यामुळे पाहणाऱ्याची दृष्टी एकाच चेहऱ्याकडे जाऊ शकते. तिला दुसरा आसरा नाही. त्याच वेळी घेतलेली अन्य चित्रेही उपलब्ध आहेत. त्यांत तंबू दिसतो, भोवतालची जमीन दिसते, एक ट्रंक दिसते, खुर्चीवर बसलेली मोठी मुलगी दिसते. लँग यांनी १९६० साली लिहिलेल्या एका आठवणीत, आपण एकाच दिशेने अधिकाधिक जवळ जात चित्रे घेतली, असे सांगितले आहे. कॅमेरा जसजसा जवळ आला तसतसे स्थळ गळून पडले, थोरली मुलगी गळून पडली, आणि उरली ती एका मूर्तीची रचना. प्रसिद्धी या शेवटच्या चित्राला मिळाली.

या चित्रासंबंधी आणखी एक तपशील विद्यार्थ्याने अवश्य पाहावा. मूळ ठशात उजव्या कोपऱ्यात खाली, तंबूचा खांब धरलेला एक अंगठा दिसत होता. रचनेला तो बाधक वाटल्यामुळे लँग यांनी १९३९ च्या सुमारास निगेटिव्हवरून तो पुसवून घेतला. नंतरच्या प्रतींत त्याची पुसट सावली शोधणाऱ्यास सापडते. ज्या सरकारी खात्यासाठी त्या काम करीत होत्या तेथील प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना हा फेरफार रुचला नाही. दस्तऐवजाच्या सच्चेपणास त्याने बाध येतो, असे त्यांचे मत होते. ते मत रास्तच म्हणावे लागेल. पण अंगठ्याची एवढी चिकित्सा झाली, त्या बाईच्या नावाची मात्र कोणी विचारपूस केली नाही. खात्याच्या नोंदीत तिचे वर्णन निराधार वाटाणे-तोडणी कामगार, सात मुलांची आई, वय बत्तीस, एवढेच आहे. आपण तिचे नाव वा हकीकत विचारली नाही, हे लँग यांनी त्याच आठवणीत मोकळेपणाने नमूद केले आहे.

या ठिकाणी भारतीय साहित्यशास्त्रातील एक संकल्पना उपयोगी पडते. मात्र ती जशीच्या तशी लावता येत नाही, आणि ती का लावता येत नाही हेच शिकण्यासारखे आहे. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने आपल्या पद्धतीने स्वीकारलेल्या साधारणीकरणाच्या विचारानुसार काव्यातील विभाव हे अमक्याचे वा तमक्याचे राहत नाहीत. ‘अभिनवभारती’त या संदर्भात शाकुंतलातील, दुष्यंताच्या रथापुढे धावणाऱ्या हरिणाचे उदाहरण आले आहे. त्या हरिणाचे भय देशकालाच्या मर्यादांतून सुटते. ते त्या हरिणाचे राहत नाही, माझे किंवा शत्रूचे किंवा मित्राचेही राहत नाही, आणि म्हणूनच ते भयानक रसाच्या रूपाने आस्वाद्य होते. व्यक्तिगत भयाने मनुष्य पळत सुटेल. साधारणीकृत भय तो प्रेक्षागृहात बसून अनुभवू शकतो. या उपपत्तीवर आक्षेप पुष्कळ घेतले गेले आहेत. पण काव्यापुरता एक मुद्दा निर्विवाद आहे. कालिदासाच्या त्या हरिणास या व्यवहारात काहीही गमवावे लागत नाही. ते शब्दांबाहेर कोठे अस्तित्वातच नाही.

छायाचित्रातील आलंबन शब्दांबाहेर अस्तित्वात असते. रोलाँ बार्थ यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात छायाचित्राचे मर्म म्हणून हेच सांगितले, की जे दिसते ते त्या क्षणी भिंगापुढे खरोखरीच होते. बार्थ यांना त्यातून मृत्यूचे चिंतन सुचले. नीतीच्या अभ्यासकास अधिक साधी गोष्ट सुचावी. निपोमोच्या तंबूतील बाई चित्र काढून झाल्यावरही जगत राहिली. १९७८ साली एका वार्ताहराने तिचा शोध लावला, तेव्हा ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन असल्याचे जगास कळले. ती चेरोकी वंशाची होती. धुळीच्या वादळांनी देशोधडीस लागलेल्या गोऱ्या शेतकरी स्त्रीचे प्रतीक म्हणून चार दशके जिच्याकडे पाहिले गेले, ती त्या वादळांपूर्वीच, १९२० च्या दशकात, ओक्लाहोमा सोडून आलेली मूळनिवासी स्त्री होती. म्हणजे साधारणीकरणाने तिचे केवळ नाव गेले नाही. तिचा इतिहास जाऊन त्या जागी दुसऱ्यांचा इतिहास आला. या चित्राने आपल्याला कधी एक पैसा मिळाला नाही. आपले नाव विचारले नाही. चित्र विकणार नाही असे सांगितले गेले. प्रत पाठवू म्हटले होते ती आली नाही, अशी तिची तक्रार होती. लँग १९६५ साली वारल्या होत्या, तेव्हा या तक्रारीस त्यांचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. चित्र सरकारी नोकरीत घेतलेले असल्यामुळे ते सार्वजनिक मालकीचे होते आणि त्यावर लँग यांनाही स्वामित्वशुल्क मिळत नव्हते, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे.

येथवर आलेला विद्यार्थी सहसा दुसऱ्या टोकास जातो. दुःखिताचे चित्र काढणे हाच अपराध, असे तो म्हणू लागतो. त्याला थांबविणे आवश्यक आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रात ही चित्रे आली, तेव्हा निपोमोच्या छावणीकडे वीस हजार पौंड अन्न पाठविण्यात आले. छावणीतील उपाशी माणसांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती. फ्लॉरेन्सचे कुटुंब मात्र तोवर पुढच्या मुक्कामास निघून गेले होते.

भारतीय अभ्यासकास हा पेच दूरच्या देशातला वाटण्याचे कारण नाही. दुष्काळाची छायाचित्रे हा या देशातील छायाचित्रणाच्या इतिहासाचा एक मोठा आणि अस्वस्थ करणारा भाग आहे. १८७६ ते १८७८ या काळात मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्याचा दख्खन भाग होरपळून निघाला. विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने मद्रासकडे घेतलेली त्या वेळची चित्रे आजही पाहवत नाहीत. हाडांचे सापळे झालेली माणसे गट करून, एखाद्या कुटुंबाचे स्नेहचित्र काढावे तशी, बसविलेली आहेत. त्या काळच्या ओल्या काचेवर प्रतिमा उमटण्यास काही सेकंद निश्चल राहावे लागे. ज्यांना बसवत नव्हते त्यांना कोणीतरी ओळीत बसविले आणि हलू नका म्हणून सांगितले, हे त्या चित्रांच्या रचनेवरूनच कळते. त्यासाठी बाहेरचा पुरावा लागत नाही. रचनेचे वाचन आणि नीतीचा विचार या ठिकाणी एकमेकांपासून वेगळे करून दाखविता येणार नाहीत. याच हूपरवर १८८६ साली मंडाले येथे, गोळ्या घालून देहदंड दिला जात असता छायाचित्राची वेळ साधण्यासाठी हुकूम लांबविल्याचा आरोप आला. लंडनच्या पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले आणि चौकशीही झाली.

परंतु १९४३ च्या बंगालचे काय? कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’चे संपादक इयन स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ पासून रस्त्यावर मरणाऱ्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा त्या माणसांची परवानगी कोणी घेतली नव्हती; घेणे शक्यही नव्हते. जे सरकार दुष्काळ हा शब्द टाळीत होते त्याच्यापुढे शब्दांहून न टाळता येणारी गोष्ट ठेवणे हा त्यामागील हेतू होता. हूपरच्या चित्रांत आणि या चित्रांत विषय एकच आहे, देहही तेच आहेत. फरक आहे तो चित्र कोणाला उद्देशून होते आणि त्याने कोणाकडे जाब मागितला यात. सुनील जाना यांची त्याच दुष्काळाची छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’मध्ये आली, त्यांच्याच सोबतीने हिंडणाऱ्या चित्तप्रसादांनी रेखाटने केली. चित्तप्रसादांचे ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक सरकारने जप्त करून नष्ट केले. त्यांच्या रेखाटनांजवळ माणसाचे नाव, गाव आणि हकीकत आढळते. रेखाटनास वेळ लागतो, आणि त्या वेळात बोलणे होते. कॅमेऱ्यास ते बोलावयास लावीत नाही, एवढाच याचा अर्थ असेल. तरीही तो थोडा नव्हे.

प्रसंगोपात्त मराठी भाषेकडेही पाहावे. छायाचित्र ‘टिपतात’. पाखरू दाणा टिपते, पारधी पाखरू टिपतो, टिपकागद शाई टिपतो. यांपैकी कोणता अर्थ आपल्या हातातील यंत्रास लागू आहे, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते. भाषा ते ठरवून देत नाही.

नाव लिहिले म्हणजे ऋण फिटले, असेही समजू नये. भोपाळ येथे डिसेंबर १९८४ मध्ये मातीत पुरल्या जाणाऱ्या एका बालकाचा चेहरा रघु राय यांनी कृष्णधवल आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत छायाचित्रात घेतला. ते मूल कोणाचे हे समजले नाही. तेथे निनावीपणा हा छायाचित्रकाराचा दोष नसून त्या रात्रीच्या संहाराचाच एक भाग आहे. आणि न्याय मागणाऱ्यांनी तो चेहरा आपला म्हणून फलकांवर वागविला. उलटपक्षी लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास भारतीय कायदा मनाई करतो, ती तिच्याच रक्षणासाठी. तेव्हा ‘नाव द्यावे’ हा नियम होऊ शकत नाही. साधारणीकरणाचा लाभ कोणास होतो आणि त्याची किंमत कोण देते, हा प्रश्न प्रत्येक चित्रापुढे नव्याने विचारावा लागतो, एवढेच म्हणता येते.

विद्यार्थी स्वतः कॅमेरा घेऊन बाहेर पडला म्हणजे या प्रश्नाची धार त्यास कळते. समजा, तो पश्चिम महाराष्ट्रातील एखाद्या साखर कारखान्याच्या परिसरात, बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर गेला. हीही स्थलांतरित माणसेच आहेत, आणि त्यांचे साधारणीकरण त्याच्या आधीच झालेले आहे : नवरा आणि बायको मिळून हिशेबात ‘एक कोयता’ धरला जातो. पहाटेच्या थंडीत मोळी बांधणारी एक बाई त्यास दिसते. प्रकाश उत्तम आहे, तिच्या पाठीमागे धूर आहे, मूल कडेला उभे आहे. शिकल्याप्रमाणे तो आधी विचारतो, “ताई, फोटो काढू का?” ती काही बोलण्यापूर्वी मुकादम म्हणतो, “काढा की, त्यात काय इचारायचं!” ती पदर सावरते आणि उभी राहते.

ही संमती झाली काय? तिच्या नवऱ्याने हंगामापूर्वी उचल घेतलेली आहे. ती फिटेपर्यंत मुकादमाच्या शब्दाबाहेर जाणे त्यांना परवडणारे नाही. तिने मान हलविली असती तरी तिचा अर्थ लावणे कठीण होते. विद्यार्थी चित्र घेतो, किंवा घेत नाही. दोन्ही गोष्टींस कारणे आहेत. घेतलेच, तर आपल्या वहीत तो अंतर लिहितो, वेळ लिहितो, कोण काय बोलले ते लिहितो, चौकटीबाहेर उजवीकडे मुकादम उभा होता हेही लिहितो. नंतर मुकादम दुसरीकडे गेल्यावर तो तिला नाव विचारतो आणि प्रत पाठविण्याचे कबूल करतो. ती हसून म्हणते, “कुठं पाठवशील, बाबा?” गाळप संपले की टोळी उठेल, पुढच्या हंगामात ती कोणत्या कारखान्यावर असेल ते तिलाही ठाऊक नाही. प्रत पोचविण्यासाठी विद्यार्थ्याच्या वहीत जो एकच पत्ता उतरवून घेतलेला असतो, तो मुकादमाचा असतो.