खारपाणपट्ट्यातला परका दगड

शेगावात एखाद्या घरी जुन्या धोकटीच्या तळाशी वस्तऱ्याला धार लावायचा नैसर्गिक निसणा सापडला, तर एक गोष्ट जवळजवळ खात्रीने सांगता येते: तो इथल्या जमिनीतला नाही. शेगाव पूर्णेच्या गाळावर वसले आहे. इथे विहीर खणावी तर चिकणमाती, पोयटा, वाळू आणि खारे पाणी लागते. दगड खोलवर गाडलेला. दक्षिणेला खामगावकडे गेले की खडक उघडा पडतो, पण तोही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. वस्तऱ्याच्या कामाचा दगड यांपैकी कशातच नाही, आणि म्हणूनच सापडलेला निसणा जपून दुरुस्त करायला हवा. तो गेला तर त्याच्या जागी दुसरा या मातीतून मिळणार नाही.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येईल. पाटा-वरवंटा, जाते, उखळ सगळे काळ्या दगडाचेच; विळ्याची धारही त्यावर घासून निघते, मग वस्तऱ्याची का निघू नये? उत्तर दगडाच्या घडणीत आहे. बेसॉल्टमधले फेल्डस्पार आणि ऑजाइट ही मुख्य खनिजे मोहस् मापावर साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान बसतात, आणि पाणी दिलेले पोलादही त्याच्याच आसपास. शिवाय त्यांचे स्फटिक कमीजास्त आकाराचे, मध्ये वायूच्या बुडबुड्यांची भोके. पाट्याला टाकी लावून घेतात ती त्याचा खरखरीतपणा टिकावा म्हणून. वस्तऱ्याला नेमका तोच खरखरीतपणा नको असतो. चांगल्या वस्तऱ्याच्या धारेचे टोक एका मायक्रॉनहूनही बारीक असते, तर माणसाचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड. याच पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारी अकीक बारीक आणि कठीण असते हे खरे, पण तिचे कण सुटे होत नाहीत. ती पोलाद घासण्यापेक्षा चकाकवते जास्त.

वस्तऱ्याला हवा असतो एकसारख्या, अतिसूक्ष्म आणि पोलादाहून कठीण कणांचा दगड. बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळा कोटिक्यूल हा त्याचा नामांकित नमुना. त्यात स्पेसार्टीन जातीच्या गार्नेटचे काही मायक्रॉनांचे कण ठासून भरलेले असतात, आणि त्यांचे कोपरे बोथट असल्याने ओरखडा उथळ पडतो. जर्मनीच्या थुरिंगियातल्या निसण्यांची पाटीच्या दगडाशी जवळची सोयरीक. त्यात काम करते बारीक क्वार्ट्झ. मुंबईहून नागपूरपर्यंतची आगगाडी 1867 साली सुरू झाल्यावर बाहेरचा माल वऱ्हाडात पोहोचणे सोपे झाले, तेव्हा असा दगड शेगावात मिळण्यात नवल नाही.

अशी नाजूक धार रोज बिघडते कशी, हे 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ असूनही विशिष्ट कोनात आडवा आला की धारेचा सूक्ष्म टवका उडवतो. ते टवके काढायला दगड सपाट लागतो. वस्तऱ्याचा कणा आणि धार दोन्ही एकदम टेकवून घासतात, म्हणून धारेचा कोन तोच राहतो. दगड मधून झिजून खोलगट झाला की कोन बदलतो आणि धार वाकडी होते.

दुरुस्ती म्हणजे एवढा सपाटपणा परत आणणे, अधिक काही नाही. आधी कोमट पाणी, साबण आणि जुना ब्रश घेऊन तेलाचा थर काढावा. दगड उकळू नये: पाटीच्या जातीचे दगड थरांत सुटतात, आणि कोटिक्यूलची शीर पातळ असल्याने तो बहुधा दुसऱ्या दगडावर चिकटवलेला असतो. मग पेन्सिलीने जाळी आखून, जाड काचेवर ठेवलेल्या ओल्या वॉटर पेपरवर रेघा पुसल्या जाईपर्यंत घासावे. ग्राइंडर लावू नये. तो उपयोगी थरच खाऊन टाकेल. कोरडे तर मुळीच घासू नये. मंदसोरच्या पाटीवरच्या पेन्सिलींच्या कारखान्यांतल्या कामगारांची फुप्फुसे अशाच दगडातल्या सिलिकाच्या धुळीने निकामी झाली.

कृत्रिम दगड स्वस्त आणि एकसारखे असतात, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. उरणजवळ मोऱ्याला 1941 मध्ये ग्राइंडवेलचा कारखाना निघाला तेव्हापासून आपल्याकडेही ते बनतात, आणि टवके काढायला तेच घ्यावेत. जुन्या निसण्याचे काम शेवटच्या हातांपुरते. सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावतात तेही योग्यच. कावीळ ब आणि एचआयव्ही सामाईक वस्तऱ्यातून पसरू शकतात. जुन्या दगडावर धार लावलेला वस्तरा एकाच माणसाने वापरावा. आणि जुनी धोकटी भंगारात देण्याआधी तिच्यातला चपटा दगड एकदा धुऊन पाहावा.