कासवाच्या टाकीचा तळ

शिवाजी पार्कसारख्या भागातील सदनिकांत हौसेने पाळले जाणारे कासव बहुधा अमेरिकेतील मिसिसिपी खोऱ्याचे, ‘रेड इअर्ड स्लायडर’ जातीचे असते. (देशी स्टार कासव घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.) ते ज्या पाण्यात खाते त्यातच विष्ठा टाकते. उरलेले अन्न तळाच्या वाळूत कुजते, अमोनिया साचतो. मग डोळे सुजणे, कवच सडणे असे विकार जडतात.

दादर चौपाटीची वाळू आणून पसरण्याचा मोह टाळावा. ती खारट आणि अस्वच्छ असते. बारीक खडे तर कासव गिळते आणि त्याचे आतडे तुंबते. त्याच्या डोक्याहून मोठे गोटे घालावेत, अथवा तळ मोकळाच ठेवावा. सफाईला तोच बरा. अन्न वेगळ्या टबात दिल्यास निम्मी घाण टळते. नळाचे पाणी २४ तास उघडे ठेवून मगच भरावे. बसण्यासाठी कोरडा दगड हवाच. पावसाळ्यात त्यावर दिव्याची ऊबही द्यावी.

टाकी स्वयंपाकघरात धुऊ नये. कासवांपासून होणाऱ्या साल्मोनेलाच्या संसर्गामुळेच अमेरिकेने १९७५ मध्ये ४ इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. टाकीला हात लावल्यावर मुलांचे हात साबणाने धुऊन घ्यावेत.